साहेबाचं सोंग

लवंगीचा हात तोंडाआधी चालायचा. शिलाई कारखान्यातल्या बायकांनी तिला हे नाव काही उगीच ठेवलं नव्हतं. आणि म्हणूनच सगळ्यांना तिची धास्ती होती. मॅनेजर संडासाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचा. बायकांनी तक्रार केली होती, सोमवारी सरकारी निरीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर लवंगीला डिवचायचं, तिने हात उचलला की ‘बघा, या बायका कशा आहेत’ म्हणायचं आणि तक्रार निकालात काढायची, हा त्याचा डाव शेंबड्या पोरानेही ओळखला असता.

म्हणून बायकांना तक्रार लिहून देणाऱ्या, शेजारच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आपल्या जेवणघरात तालीम लावली. कोणी काहीही बोलो, हात मांडीवर. पण साहेबाचं सोंग घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी बहात्तर वर्षांच्या थोरल्या सिस्टर उठल्या. मुंगीलाही वाट देणारी बाई! त्यांनी झग्याच्या खिशात कोठीची किल्ली टाकली, खुर्चीत पाय पसरले आणि गरजल्या, “काय गं, शिवायला येतेस की भटकायला? आईनं हेच वळण लावलं का?”

लवंगीने कानाखाली लगावली. चष्मा टेबलाखाली गेला. बायकांनी जिभा चावल्या.

सिस्टरांनी चष्मा शोधला, मोडक्या दांडीला चिकटपट्टी लावली. “परत. पहिल्यापासून.”

आठवडाभर त्या रोज नवे टोमणे आणायच्या. कुठून, ते देवच जाणे. रंगात येऊन टेबलावर मुठी आपटायच्या आणि बाकीच्या सिस्टर तोंडावर हात धरून हसायच्या. शनिवारी कुठे लवंगीचे हात मांडीवर टिकले.

सोमवारी मॅनेजरने निरीक्षकांसमोर तिच्याकडे बोट केलं. “ही म्होरकी. हिच्या आईलाच वळण नसणार.”

एवढंच? लवंगीला नवल वाटलं. हा तर आमच्या सिस्टरांच्या पासंगालाही पुरत नाही! तिला हसू फुटणार, तोच शेजारी झगा सळसळला. सोबत आलेल्या थोरल्या सिस्टर लालबुंद झाल्या होत्या आणि त्यांची मूठ वर निघाली होती.

मग लवंगीच्या डोक्यात प्रकाश पडला. ऐकून घ्यायची सवय सगळ्यांना झाली होती, ऐकवणारीला सोडून. सिस्टर बिचाऱ्या एकदाही समोरच्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. लवंगीला त्यांची फार माया आली. तिने ते हडकुळं मनगट धरलं, हळूच खाली आणलं आणि कानात म्हणाली, “सिस्टर, परत. पहिल्यापासून.”

सिस्टरांनी डोळे मिटून श्वास घेतला. निरीक्षकांनी जरा वाट पाहिली. कोणी हललं नाही. तेव्हा त्यांनी मॅनेजरपुढे हात पसरला.

“किल्ली द्या.”