नेरिसचे नाव माझ्यापुढे काढू नका

मित्रांनो, मी एक जुना टपाल-प्रोग्राम आहे. संगणकावर ईमेल लिहू देणे, आलेली उतरवून घेणे आणि जपून ठेवणे, एवढेच माझे काम. माझे नाव बोनात्सा. वारा पडून समुद्र अगदी निवांत झाला की क्रोएशियातल्या आमच्या शिबेनिक गावचे लोक त्याला बोनात्सा म्हणतात. नाव शांत असले तरी माझा स्वभाव तसा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी पक्का जळकुकडा आहे. माझ्या मालकिणीने दुसऱ्या कुणाकडे कौतुकाने पाहिले की माझ्या पोटात दुखू लागते.

माझ्या मालकिणीचे नाव तिहाना. बंदरावरून वर चढणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. छोट्या छोट्या हॉटेलांसाठी संकेतस्थळे बनवून ती पोट भरते. खालच्या मजल्यावर बार्बा येरे राहतात. वयस्क दर्यावर्दी माणसाला आमच्याकडे बार्बा म्हणतात, काका म्हणावे तसे. चौदा वर्षांपूर्वी ते मालवाहू जहाजावर इंजिनाचे काम पाहत होते. जहाजावरचे इंटरनेट म्हणजे नुसता वैताग होता. घरून आलेले पत्र अर्धे उतरायचे आणि अडकायचे. सुट्टीवर आले तेव्हा ते तिहानाला म्हणाले, "पोरी, तू एवढी शिकलीस, मला माझ्या लेकीचं पत्र पुरतं वाचता येईल असं काहीतरी कर ना."

त्या एका विनंतीतून माझा जन्म झाला. तिहानाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझी ओळ न् ओळ लिहिली. पत्रपेटीला त्या काळी जागा फार थोडी मिळायची. म्हणून पत्र आले की मी सर्व्हरला, म्हणजे पत्रपेटी सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाला, सांगायचो, "आले हो, तुमच्याकडचे आता टाकून द्या," आणि मग ते पत्र बार्बांच्या संगणकात ठेवून द्यायचो. बार्बा बोटीवरून लिहायचे, "तुझा बोनात्सा गुणी आहे." ते वाचून मी फुशारून जायचो.

हळूहळू तिहानाने मला तीन प्रकारच्या संगणकांवर चालायला शिकवले. विंडोज, मॅक आणि लिनक्स. प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या, एकाला गोड लागते ते दुसऱ्याला कडू. एकाचे दुखणे बरे करावे तर दुसऱ्याला ताप यायचा. तिन्ही संगणक टेबलावर मांडून ती मला तपासत बसायची. पोलंडमधल्या एका औषधविक्रेत्याने आणि माल्टातल्या एका शाळेने तिला आभाराची पत्रे पाठवली. ती पत्रेही माझ्यातूनच आली. मित्रांनो, स्वतःचे कौतुक स्वतःच पोहोचते करण्यासारखे सुख नाही.

मग एके दिवशी तिने मला सगळ्यांसाठी खुले केले. माझ्या पोटातले सगळे लिखाण तिने इंटरनेटवर मांडले आणि वर परवानगी लिहून ठेवली, की कोणीही वाचावे, बदलावे, स्वतःचे करून वापरावे. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात बार्बांनी तिला विचारले, "म्हणजे आता तुझ्या घराला कुलूप नाही म्हण की."

"कुलूप आहे, बार्बा. फक्त कुलूप कसं बनवलंय ते मी सगळ्यांना दाखवलंय. कच्चं असेल तर कुणीतरी सांगेल."

"आणि कुणी सांगितलं की तुला राग येईल. तुला मी लहानपणापासून ओळखतो."

तिहाना हसली आणि कॉफी ढवळत राहिली. मला मात्र तेव्हाच धाकधूक वाटू लागली होती. कुणाचेही हात माझ्या अंगाला लागणार, हे मला मुळीच आवडले नव्हते.

त्या हातांमध्ये एक हात दाइवाचा होता. दाइवा लिथुआनियातल्या काउनास गावची. आधी ती लहानसहान दुरुस्त्या पाठवायची आणि तिहाना खुशीत त्या घ्यायची. मग दाइवा म्हणू लागली, की बोनात्साचे रूप जुनाट झाले आहे, आपण नवे करू. तिहानाने उत्तर दिले, "मग बघू." आमच्या किनाऱ्यावर हे उत्तर सगळ्याच प्रश्नांना चालते. आठ महिने दाइवा विचारत राहिली आणि आठ महिने तिहाना मग बघू म्हणत राहिली. शेवटी दाइवाने माझे सगळे लिखाण उचलले, त्याची नक्कल केली आणि वेगळे बिऱ्हाड थाटले. परवानगी तर तिहानानेच लिहून दिली होती. आमच्या धंद्यात ही चोरी नाही, रीतच आहे. दाइवाने तसे अगोदर नम्रपणे कळवलेही होते. तिकडच्या एका नदीवरून तिने त्या नकलेला नाव दिले, नेरिस.

नेरिस म्हणजे कोण? माझीच हाडे, माझेच रक्त, वरून नवा रंग फासलेला. आणि लोक तिच्यावर लट्टू! वर्षभरात माझी माणसे तिच्याकडे जाऊ लागली. तो औषधविक्रेता गेला. माल्टातली शाळा गेली. जाताना त्यांनी तिहानाला लिहिले, "बोनात्सा छान होता, पण नेरिस दिसायला सुरेख आहे." ते वाचून माझा नुसता जळफळाट झाला. तिला पत्र उतरवायला कोणी शिकवले? मी. तिन्ही संगणकांवर चालायला कोणी शिकवले? मी. आणि टाळ्या त्या नटवीला!

खरे सांगू का, माझ्याइतकीच तिहानाही जळत होती. निवृत्तीनंतर बार्बा बोचे, म्हणजे मैदानावर गोळे फेकण्याचा खेळ, खेळायला जायचे. एकदा कॉफी पिताना ते सहज बोलून गेले, "अगं, ते नवीन काय ते, नेरिस, ते चांगलं आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

"बोचेच्या मैदानावर सगळे म्हणतात."

"मग बोचेच्या मैदानावरच्यांनी बोचे खेळावं." तिहाना कॉफी अर्धी टाकून उठली. आमच्या गावात कॉफी अर्धी टाकून कोणी उठत नाही. घरी येताच तिने मला उघडले आणि एक नियम घालून दिला, की ज्या पत्रात नेरिसचे नाव असेल ते तिला दाखवायचे नाही. ते वाचलेले आहे अशी खूण करून एका बाजूच्या कप्प्यात टाकायचे. कप्प्याला तिने नाव दिले, "मग बघू".

मित्रांनो, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढ्या वर्षांत कोणतेही काम मी इतक्या हौसेने केले नसेल. नेरिसचे नाव दिसले की उचल पत्र आणि टाक कप्प्यात. निम्मी पत्रे दाइवाची असायची. मला वाटायचे, लिही बाई, किती लिहायचे ते लिही. तिहाना माझी आहे आणि माझीच राहील.

एप्रिल महिन्यात दाइवाचे आणखी एक पत्र आले. ते मी नेहमीप्रमाणे कप्प्यात टाकले. त्यात काय लिहिले होते ते पुढे सांगतो.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, एका गुरुवारी, बार्बांच्या संगणकावर त्यांच्या लेकीचे पत्र आले. लेकीचे नाव मारिएता. दोन वर्षांपूर्वी ती आयर्लंडला कामासाठी निघाली तेव्हा बाप-लेकीचे कडाक्याचे भांडण झाले होते. बार्बा म्हणाले होते, "जातेस तर जा, पण मग या दाराशी येऊ नकोस." तेव्हापासून पत्र नाही, फोन नाही. बार्बा रोज सकाळी मला उघडायचे, यादी वरपासून खालपर्यंत पाहायचे आणि बंद करायचे. आणि आता तिचे पत्र आले होते. ते मी क्षणभर हातात धरले होते, म्हणून त्यातला शब्द न् शब्द मला माहीत आहे.

"बाबा, शनिवारी मी येतेय. दुपारी दोनला बसस्टँडवर उतरेन. फोन करत नाही, कारण फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो. तुम्ही आलात तर आपण घरी जाऊ. नाही आलात तर मी समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही."

मी सर्व्हरला सांगितले, "आले हो, तुमच्याकडचे टाकून द्या." सर्व्हरने टाकून दिले. मग मी पत्र संगणकात ठेवायला गेलो तर तिथे बोटभर जागा शिल्लक नव्हती. बार्बांनी बोचेच्या सामन्यांचे व्हिडिओ काढून काढून सगळा संगणक भरून टाकला होता. पत्र सर्व्हरवरून गेले आणि इथेही राहिले नाही. अशा वेळी काही बोलायचे असते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी गप्प राहिलो. बार्बांनी यादी पाहिली आणि मला बंद केले.

शनिवारी बार्बा बोचे खेळायला गेले. मारिएता स्टँडवर बॅग घेऊन चार वाजेपर्यंत उभी होती. मग ती जवळच्या स्प्लिट शहराच्या बसमध्ये बसून विमानतळावर परत गेली. सोमवारी तिने तिहानाला फोन करून आपले पत्र आणि स्टँडवरचे ते दोन तास सांगितले. दोघी शाळेतल्या मैत्रिणी होत्या.

"बाबांना सांग, मला कळलं म्हणावं. एवढंच सांग," असे म्हणून तिने फोन ठेवला.

तिहाना धावत खाली गेली. बार्बा भाजी चिरत होते. "बार्बा, मारिएताचं पत्र आलं होतं तुम्हाला?"

"तिचं पत्र? मला?" बार्बांच्या हातातली सुरी थांबली. "दोन वर्षांत एक ओळ नाही. का गं? ती बरी आहे ना?"

तिहानाने सगळे सांगितले. बार्बा खुर्चीवर बसले. तिने त्यांचा संगणक पाहिला आणि मग वर येऊन माझे लिखाण उघडले. शोधता शोधता, असे आणखी कुणाचे झाले आहे का ते पाहायला तिने तो कप्पाही उघडला. दाइवाचे एप्रिलचे पत्र सगळ्यांत वर होते.

"तिहाना, नेरिसमध्ये एकाची पत्रं नाहीशी झाली. शोधलं तर चूक मूळ बोनात्सातली निघाली. पत्र नीट ठेवलं गेलं का ते पाहायच्या आधीच आपण सर्व्हरला टाकून द्यायला सांगतो. जागा भरलेली असेल तर पत्र कायमचं जातं. आमच्याकडे मी दुरुस्त केलंय. चारचौघांत तुझी चूक काढायची नाही म्हणून फक्त तुला लिहितेय. सोबत दुरुस्ती जोडली आहे. आजच घाल."

बावीस दिवस ते पत्र माझ्याकडे पडून होते. दुरुस्तीच्या ओळी होत्या फक्त चार.

तिहानाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग तिने दाइवाला फोन लावला. "तुझं पत्र मी वाचलंच नाही. मीच तसा नियम केला होता. नेरिसचं नाव दिसायला नको म्हणून."

दाइवा म्हणाली, "मला वाटलं, तू रागावलीस म्हणून उत्तर देत नाहीस. मीही मग पुन्हा विचारलं नाही. फोन करायला हवा होता."

"मी एकटी किती वर्षं ही ओळ बघतेय, दाइवा. मला नाही दिसली. तुला दिसली."

तिहानाने दुरुस्ती घातली, बार्बांच्या संगणकात जागा केली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "बार्बा, चूक माझी आहे. बोनात्साची नाही, इंटरनेटची नाही. माझी."

बार्बा म्हणाले, "आणि माझी नाही का? दोन वर्षं मी तिच्या पत्राची वाट बघतोय. मी का नाही लिहिलं?" मग त्यांनी चष्मा लावला. "सरक जरा. मला लिहू दे."

एका बोटाने टाइप करत त्यांनी लिहिले, "तुझे पत्र मला मिळाले नाही. मिळाले असते तर मी सकाळपासून स्टँडवर येऊन बसलो असतो. दाराशी येऊ नकोस म्हणालो ती माझी चूक. तू ये. नाहीतर मी येतो." ते पत्र मी पाठवले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझे कौतुक व्हावे असे मला वाटले नाही. ते पोहोचावे एवढेच वाटले, आणि ते पोहोचले.

त्याच दुपारी तिहानाने माझ्या पानावर लिहिले, की बोनात्साचे काम आज थांबवत आहे, सर्वांनी नेरिसकडे जावे, मीही यापुढे दाइवासोबत नेरिसवरच काम करणार आहे. मग ती खाली गेली आणि बार्बांच्या संगणकातली सगळी पत्रे तिने माझ्याकडून काढून नेरिसच्या हवाली केली. मला शेवटचे बंद करताना बार्बा म्हणाले, "गुणी होता गं." होता म्हणाले.

मित्रांनो, मी अजूनही इंटरनेटवर आहे. कोणी फिरकत नाही, पण माझे लिखाण कोणालाही वाचता येते. तुम्ही एखादी वस्तू फुकट वापरत असाल तर तिच्यामागे कुठेतरी एखादे माणूस एकटेच खपत असते, त्याला एखादी ओळ लिहा. आणि ज्याचे नाव पाहून तुमच्या पोटात दुखते, त्याचे पत्र सगळ्यांत आधी उघडा. मी शहाणा झालो आहे, असे मात्र समजू नका. मी अजून जळतो. बार्बांचे पत्र मी पाठवले होते, पण मारिएताने उत्तर दिले का, आणि दिले तर काय दिले, हे मला माहीत नाही. ते नेरिसला माहीत आहे.