ब्रुनोच्या बरगड्या

ब्रुनोचे पुढचे दोन पाय वजनकाट्यावर चढले, मागचे काही चढेनात. मुक्ताबाईनं पदर खोचला आणि त्याला मागून दोन्ही हातांनी उचलून वर ढकललं. काट्यावरचे आकडे थोडा वेळ थरथरले आणि सत्तेचाळीसवर थांबले.

"सत्तेचाळीस किलो," आण्णासाहेब मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी दवाखान्यात बसलेल्या लोकांकडं पाहिलं. शेळी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं कौतुकानं मान डोलावली. कुत्रं कुठल्या घरचं आहे, हे त्याच्या अंगावरूनच कळत होतं.

डॉक्टर निखतच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक नव्हतं. धाराशिवला तिचा दवाखाना सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, पण बोलायला ती भीत नसे.

"लॅब्रॅडोर आहे हा. तेहतीस-चौतीसच्या वर जायला नको होता. याला खायला कोण घालतं?"

"ही आमची मुक्ताबाई, सैपाकाला हाय," आण्णासाहेब म्हणाले. "लई जीव लावती त्याला."

मुक्ताबाई कुत्र्याच्या पट्ट्याकडं बघत राहिली. गुळानं मरतो त्याला विष कशाला घालायचं? दोन वर्षं ती ब्रुनोला तूप-चपातीचा काला, साय, शिरा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू चारत होती, आणि तेही आण्णासाहेबांच्या डोळ्यांदेखत. गावाला ते प्रेम वाटत होतं. जाड म्हणजे सुखी, हा हिशोब त्या गावात माणसाला लावतात तसाच जनावरालाही लावतात, त्यामुळं तिच्यावर कधी कुणाचा संशय गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, घरी असताना तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली होती. पिराजी आण्णासाहेबांच्या बंगल्यावर वॉचमन होता. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली, म्हणून मुक्ताबाई धावत बंगल्यावर आली. गाडी फाटकातच उभी होती, चालू. मागच्या सीटवर ब्रुनो बसला होता. त्याला सकाळपासून जुलाब होत होते आणि बसवराज ड्रायव्हर त्याला सोलापूरला घेऊन निघाला होता.

"संध्याकाळी येतीच की गाडी," आण्णासाहेब म्हणाले होते. "तवर त्याला सोडा पाज. पोटातल्या वाऱ्यानं असंल."

गाडी संध्याकाळी आली. पिराजी साडेतीनलाच गेला होता. मातीला सगळं गाव आलं, आण्णासाहेब आले नाहीत. पंधरा दिवसांनी मुक्ताबाई पुन्हा त्यांच्या चुलीपुढं उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं, बिचारी पोटासाठी आली. पोट तिचं शेतमजुरीवरही भरलं असतं.

"इकडं या, मावशी," निखत म्हणाली. "तुम्हीच चारता, तर तुम्हालाच शिकवते. मूठ आवळा. आता सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा टोचल्या तर जनावर उपाशी आहे. आता मूठ उघडून तळव्यावरून फिरवा, बोटांच्या खाली. मऊ लागतंय ना? हाड दाबून शोधावं लागतं. हे जाड. आता हात पालथा करा. हाडं लागतात, पण टोचत नाहीत. असं पाहिजे."

मुक्ताबाईनं ब्रुनोच्या कुशीवर बोटं फिरवली. बरगड्या कुठं हाताला लागेनात. ब्रुनोनं धापा टाकत तिचं मनगट चाटलं.

"असंच चाललं तर वर्षभर काढेल," निखत म्हणाली. "एक दिवस बसल्या जागी जाईल."

याच वाक्यासाठी मुक्ताबाईनं दोन वर्षं तूप कढवलं होतं. आता आण्णासाहेबांचं तोंड कसं होतं, ते तिला डोळे भरून बघायचं होतं. तिनं मान वर केली.

आण्णासाहेब मोबाइलवर कुणाचा तरी मेसेज वाचत होते.

"गेला तर गेला, बाई," ते म्हणाले. "जलमाला आलेलं जाणारच. पुण्याला वळखीचा हाय एक. ह्याच रंगाचं पिल्लू देतो म्हणलाय."

परत येताना गाडीत मुक्ताबाई मागच्या सीटवर ब्रुनोशेजारी बसली होती आणि स्वतःवरच चरफडत होती. पिराजीच्या जागी आण्णासाहेबांनी आठव्या दिवशी दुसरा वॉचमन ठेवला होता. पिराजीचा गणवेश त्याला बरोबर बसला होता. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी दोन वर्षं या माणसाला मरणानं दुखवायला निघाली होती. ज्याला सगळ्याच्या जागी दुसरं मिळतं, त्याचं कुत्रं मेल्यानं काय जाणार होतं? जाणार होता तो फक्त ब्रुनो, आणि त्यानं तर त्या दिवशी गाडी मागितलीही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तूप बंद केलं. निखतनं लिहून दिलेलं खाणं वाटीनं मोजून, दोन वेळा, त्यावर कण नाही. पहाटे आणि सांजेला ती त्याला पट्टा बांधून ओढ्यापर्यंत न्यायची. पहिला महिना ब्रुनो दर शंभर पावलांवर बसायचा. ती शिव्या द्यायची आणि शेजारी बसायची. पुढं तो बसेनासा झाला, मग तीच मागं पडायला लागली. दर रविवारी ती स्वतःच्या पालथ्या हातावरून बोट फिरवायची, मग त्याच्या कुशीवरून. दिवाळी उलटल्यावर त्याला कंबर दिसायला लागली.

"वाळवलंस की गं कुत्रं," आण्णासाहेब कुरकुरले. "लोक म्हणतील, आण्णासाहेबाच्या घरी खायला न्हाय."

"डाक्टरीणबाईनं सांगितलंय," ती म्हणाली.

पाहुणे आले की आण्णासाहेब ब्रुनोच्या डोक्यावर थोपटत, तेवढंच. बाकी तो कुणाच्या पायांत वावरतो, हे बघायला त्यांना सवड नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला काटा चौतीसवर आला. त्याच आठवड्यात एका दुपारी मुक्ताबाई काम उरकून घरी निघाली, आणि ब्रुनो बंगल्याचं कुंपण एका उडीत ओलांडून तिच्यामागं भीमनगरातल्या तिच्या घरी आला. तिनं त्याला बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. दार उघडं ठेवून ती भाकरी थापायला बसली.

बसवराज येऊन त्याला घेऊन गेला. सकाळी ब्रुनो पुन्हा तिच्या दारात. तिसऱ्या दिवशी त्याला साखळीनं बांधला, तर तो अन्नाला तोंड लावेना आणि दिवसभर ओरडून त्यानं घर डोक्यावर घेतलं. शेवटी कंटाळून बसवराजनंच साखळी सोडली. पानटपरीवर लोक हसत होते. आण्णासाहेबाचं कुत्रं सासरी गेलं म्हणे. माणूस मेल्याचं कुणी त्यांना तोंडावर बोललं नव्हतं. कुत्र्याचं मात्र जो तो विचारत होता.

चौथ्या दिवशी आण्णासाहेब स्वतः आले. गल्ली अरुंद, म्हणून गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत आले. मतं मागायची वेळ सोडली तर त्यांनी भीमनगरात पाय ठेवला नव्हता. मुक्ताबाईचं घर कुठलं, हे त्यांना वाटेत दोन जणांना विचारावं लागलं.

"बांधून ठिवलंस काय त्याला?"

"न्हाय. सुटाच हाय. न्या की."

आण्णासाहेबांनी हाक मारली. उंबऱ्यापाशी पडलेल्या ब्रुनोनं शेपूट दोनदा आपटलं आणि हनुवटी पुन्हा पायांवर टेकवली. दारादारांत बाया उभ्या राहिल्या होत्या. आण्णासाहेबांनी पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. मग घाम पुसला. मुक्ताबाईनं खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या पुढं केला. खुर्चीच्या बरोबर समोर भिंतीवर पिराजीचा फोटो होता.

आण्णासाहेबांनी तो बराच वेळ पाहिला.

"त्या येळेला मातीला याया पाहिजे होतं म्या," ते म्हणाले. "ऱ्हाऊनच गेलं बघ, मुक्ताबाई."

"आलाव की आता," ती म्हणाली. शेजारणींनाही नीट ऐकू जावं, असा तिनं आवाज ठेवला. "कुत्र्यासाठी का हुईना, आलाव."

आण्णासाहेब तांब्या हातात धरून बसून राहिले. मुक्ताबाई आत गेली आणि ब्रुनोची वाटी मोजायला लागली.