दोन हरवलेल्या पाकळ्या

परातीत चार लांब बोल्ट होते. पंपाचे घर एक, वायसर दोन. आणि एक काळे रबरी चक्र, ज्याच्या सहा पाकळ्यांपैकी चारच शिल्लक होत्या. परातीशेजारी लाकडी घोडीवर मी टांगलेला होतो. मी बोटीच्या मागे लावायचे एक जुने इंजिन आहे.

मित्रांनो, माझ्या पोटात ठिणगी पडते तेव्हा तिथे दोन हजार अंशांहून अधिक उष्णता असते. तिथून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर समुद्राचे गार पाणी वाहत असते. मध्ये फक्त धातूची एक भिंत! तळहाताहून लहान ते रबरी चक्र पाणी वर ढकलते, पाणी माझा ताप घेते आणि बारीक धारेने माझ्या पाठीतून बाहेर पडते. कारखान्यात पहिल्यांदा ती धार उडाली, त्या दिवसापासूनचे माझे हे नवल अजून सरलेले नाही.

मला विकत घेतले वहिनींनी. त्या बोट चालवतात. त्यांचे दीर बोटी दुरुस्त करतात. धक्क्यावरचे सगळेच त्यांना भावजी म्हणतात. मी बेटावर माणसे नेली, कपाटे नेली, एकदा तर चिडलेली गाय नेली. "दोरीच्या एका हिसक्यात सुरू होतं," असे लोक कौतुकाने म्हणत. मग मी सवयीचा झालो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मला धुणे राहून जाऊ लागले. भावजींनी तर ओहोटीला मला वाळूतून रेटले.

त्या सकाळी बेटावरून फोन आला. वहिनींच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलेच बाळंतपण. नर्सबाई पेटी घेऊन धावत आल्या. बाकी बोटी मासेमारीला गेलेल्या. आम्ही निघालो आणि माझी धोक्याची शिट्टी वाजू लागली. धार थेंबांवर आली होती. वल्ही मारत सगळे परतले.

भावजींनी नवे चक्र बसवले, मला पाण्याच्या पिंपात उभे करून सुरू केले. धार तशीच बारीक. तापमान ऐंशी, मग नव्वद. त्यांनी मला बंद केले.

"नवं कोरं चक्र घातलंय, तरी ह्याचे नखरे! तसंच नेऊ या, वहिनी. अर्ध्या तासाचं तर पाणी आहे."

"आणि मधेच बंद पडलं तर? पोहत जायचं?"

"मला पोहता येत नाही हो," नर्सबाईंनी पेटी घट्ट धरली.

वहिनी पूर्वी शिवणकाम करत. मशीनची सुई मोडली की तुकडे जुळवल्याशिवाय त्या पुढचा टाका घालत नसत, कारण हरवलेला तुकडा कापडातच असतो. त्यांनी परातीतले जुने चक्र उचलले.

"भावजी, ह्याच्या दोन पाकळ्या कुठायत?"

"झिजल्या असतील."

"झिजल्या असत्या तर सगळ्याच झिजल्या असत्या. ह्या तुटल्यात. मग गेल्या कुठे?"

पाण्याची वाट भावजींनी बोटाने माझ्या अंगावर खालून वर गिरवली आणि डोक्याजवळचे झाकण उघडले. पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेखाली एक तुकडा अडकला होता.

"सापडला! लावू का झाकण?"

"दुसरा?"

त्यांनी वरून उलटे पाणी सोडले. माझ्या नळीत काहीतरी हलले, घसरले आणि टपकन परातीत पडले. वहिनींनी दोन्ही तुकडे जुन्या चक्राला लावून पाहिले. नखाएवढे रबर, आणि त्याने एवढा समुद्र माझ्यापासून अडवून धरला होता!

मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्रालाही असे काही मोडले, तर नवे बसवण्याआधी जुन्याचे सगळे तुकडे शोधा. आणि आमच्यासारख्यांना घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. आम्हाला तहान सांगता येत नाही.

आम्ही निघालो. माझ्या पाठीतून करंगळीएवढी जाड धार उडत होती. बेटाच्या धक्क्याला लागलो तेव्हा भावजींनी माझ्या डोक्याला तापमापक लावला. बासष्ट अंश.

दुपारनंतर नर्सबाई हात पुसत धक्क्यावर आल्या आणि त्यांनी वजन सांगितले. दोन किलो आठशे ग्रॅम.