वॉरंटी डोंगर उतरत नाही

माझी थोरली जाऊ शुपिकाय हिने गाडी घेतली ती कोरी करकरीत. बुंबाच्या डोंगरावर आमच्या अवोकाडोच्या बागा. पोती भरून ती खाली मुतारे शहराच्या बाजारात उतरायची. उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात एकदा शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल लोण्यात पाय जावा तसं खाली गेलं. हँडब्रेक ओढत तिने गाडी कुणाच्या तरी केळीत घातली, म्हणून वाचली.

तासाभराने गाडी थंड झाली आणि पेडल पुन्हा घट्ट! शोरूमच्या चिकुक्वासाहेबांनी गाडी आवारातच एक चक्कर फिरवली.

"ठणठणीत आहे, बाई. उतारावर तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच बसत असाल. बायकांची सवयच ती."

"मी खालच्या गिअरमध्ये उतरते. ब्रेकचं तेल तपासा."

"नव्या गाडीचं तेल काय तपासायचं? आणि बाहेर कुणाला हात लावू दिलात तर वॉरंटी गेली, सांगून ठेवतो."

घरी माझ्या नवऱ्याला, टोंगायला, भलताच चेव आला. "वहिनी, त्या रबरी नळ्या काढून फेका. स्टीलची जाळी विणलेल्या लावू, शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा. माझ्या गाडीच्या बघा!"

"भावोजी, तुमची गाडी विटांवर उभी आहे. तिला ब्रेक कशाला लागतात?"

मला हसू आवरेना. तो रुसला, पण पेडल खाली का जातं ते त्याने बरोबर सांगितलं. तेल तापून उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि मग पाय नुसते बुडबुडे दाबत बसतो.

"मग स्टीलच्या नळ्यांनी तेल उकळायचं थांबतं?"

"तसं नाही... पण पेडल कसं कडक लागतं!"

"मग माझ्या नळ्यांना कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती थेट शोरूममध्ये. गिऱ्हाईकं बसलेली होती, त्यांच्यादेखत म्हणाली, "चला साहेब. आज तुम्ही चालवा, मला शिकवा."

चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही वर गेलो, पोती भरली. मी मागे पोत्यांना रेलून बसले. साहेब खालच्या गिअरमध्ये, अगदी शिस्तीत उतरत होते आणि तोंडाने व्याख्यान चालू होतं. लाकडाच्या वखारीपाशी व्याख्यान थांबलं. त्यांचा पाय एकदा खाली गेला, मग पुन्हा.

"बाई, हे... हे धरत नाहीये!"

शुपिकायचा हात आधीच हँडब्रेकवर होता. "घाबरू नका. डावीकडे जंगलाचा रस्ता आहे, चढाचा. घाला तिकडे."

गाडी चढावर हळूहळू थांबली. साहेबांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"आता सांगा," ती म्हणाली, "सवय कुणाची?"

गाडी थंड झाल्यावर साहेबांनी ती सरळ शोरूममध्ये आणली. संध्याकाळी तेल तपासलं, तर त्यात पाणी मुरलेलं, म्हणून ते लवकर उकळायचं. गाडी विकण्याआधी बंदरावरच्या आवारात वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून होती. गाडी नवी, तेल म्हातारं.

"आम्ही हेच तेल ताजं भरून देतो," साहेब म्हणाले.

"हेच नको. जास्त उष्णता सोसणारं हवं."

"ते आमच्याकडे नाही. बाहेर भरलंत तर वॉरंटी..."

"वॉरंटी डोंगर उतरते का, साहेब? मी उतरते. ठेवा तुमची वॉरंटी."

टोंगायच्या मित्राच्या गॅरेजमध्ये तिने या गाडीला चालणारं तसलं तेल भरून घेतलं. स्वतः पेडलवर पाय देऊन बसली, जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढायला लावलं. टोंगाय स्टीलच्या नळ्या हातात घेऊन दाराशी उभाच होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शुक्रवारी आम्ही भर दुपारी गच्च भरून उतरलो. माझे डोळे मिटलेले, हात पोत्याला घट्ट. शेवटच्या वळणावरही पेडल दगडासारखं कडक.

"उघड डोळे, बाई," ती म्हणाली.

बाजाराची वाट सोडून तिने गाडी शोरूमकडे वळवली आणि काचेच्या दारासमोर उभी करून इतका वेळ हॉर्न दाबला, की चिकुक्वासाहेब चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले.