लिफ्टचा सा

मीरा रोडला हाटकेशमधल्या त्या सात मजली इमारतीत लिफ्ट एकच होती. जाळीच्या दाराची, चार माणसांची. काशीनाथ तिला फुकटचा तानपुरा म्हणायचे. पालिकेच्या शाळेत उभा जन्म संगीत शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आला म्हणून खोड थोडीच जाते! आत शिरून जाळी ओढली, वरची मोटर घुमायला लागली, की हे डोळे मिटून तिच्या सुरात सूर मिसळायचे. सहाव्या मजल्यापासून थेट तळापर्यंत नुसता सा. शेजारी हसायचे. हसोत बापडे.

"काळी एक," काशीनाथ सांगायचे. "पेटीची पहिली काळी पट्टी. अगदी नेमकी. ही लिफ्ट बसवताना कुणीतरी गवई हजर असणार."

त्यांची लेक मृणालिनीही गाणंच शिकवायची. नवरा पराग जहाजावर, वर्षातले काही महिनेच घरी. बाकीचे महिने घरात ती, बाबा आणि नऊ वर्षांची पिंकी. पिंकी फार बोलायची नाही. मान डावीकडे जराशी कलती करून ऐकत बसायची, आणि मधूनच म्हणायची, "कुकरची शिट्टी आणि समोरच्यांची बेल सारखीच आहे." पेटीवर वाजवून बघावं तर खरंच सारखी.

अशा या घरात जितेश आला. हाटकेशलाच एका गाळ्यात त्याचं ऑफिस होतं आणि तो मुलांसाठी शिकवणारे कॉम्प्युटर गेम बनवायचा. फळं झाली, फुलं झाली, पाढे झाले; सगळं संपल्यावर त्याला शास्त्रीय संगीत सुचलं. "मॅडम, आजकल के पेरेंट्सना हेच पाहिजे," तो म्हणाला. "बच्चा गेम पण खेळणार, आणि राग पण शिकणार." गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस गोड होता, आणि कान तयार करायचं काम त्याने सगळं मृणालिनीवर सोपवलं.

गेमचं नाव 'मैनेची शाळा'. पडद्यावर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक मैना बसायची. मुलाने बरोबर सूर लावला की ती म्हणायची, "छान!" चुकला की मान हलवून, "अंहं. पुन्हा ऐक हं, बाळा." आवाज मृणालिनीचा. तिच्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येक पोराने तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं, त्यामुळे ते म्हणताना तिला काही वेगळं करावंच लागलं नव्हतं.

शेवटच्या पायरीचं नाव होतं 'घरातले सूर', आणि ती कल्पना मृणालिनीची स्वतःची. मुलाने टॅब घेऊन घरभर फिरायचं, मिक्सर, बेल, पाण्याचा पंप, जे वाजेल त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तो सूर गळ्यातून काढायचा. उत्तरं मोठ्या माणसाने आधी पेटीवर तपासून भरून ठेवायची. मुलाचा सूर त्या उत्तराशी जुळला की मोरपीस मिळायचं. आपल्या घरची उत्तरं मृणालिनीने बाबांना शेजारी बसवून भरली. लिफ्टपाशी तर तपासायचीही गरज नव्हती. काळी एक. आख्ख्या बिल्डिंगला पाठ.

पिंकीने सगळी मोरपिसं भराभर मिळवली. अडली ती लिफ्टपाशी.

"अंहं," मैना म्हणाली. "पुन्हा ऐक हं, बाळा."

पिंकी जिन्याशी उभी राहून पुन्हा गायली. पुन्हा अंहं. मृणालिनीने पेटी ओढली आणि पोरीचा सूर शोधला. पांढरी एक. हव्या त्या सुराच्या लगेच खालचा, म्हणजे पेटीवर शेजारची पट्टी. पण गाण्यात शेजारी म्हणजे परकाच.

"पिंके, उतरतेयस तू."

"मी नाही," पिंकी म्हणाली. "लिफ्ट उतरलीय."

मृणालिनी हसली. पोरीच्या लेखी ते विनोदाचं नव्हतंच. ती गोंधळून बघत राहिली. मग पुढे रोजचंच झालं. शाळेतून आली की पिंकी लिफ्टपाशी कान देऊन उभी. खाली वॉचमन दशरथला तिने सांगितलं, "अंकल, लिफ्ट बीमार है." दशरथने स्टुलावरून न उठता बटण दाबून दाखवलं. "चल तो रही है, बेटा." चालत होतीच. लिफ्टचं काम चालणं, गाणं नव्हे. दशरथचं तरी काय चुकलं?

चुकलं ते ज्यांना कळायला हवं होतं त्यांचं.

कारण एका संध्याकाळी काशीनाथ दूध घेऊन वर आले ते सा लावतच आले. लिफ्टमधून निघालेला सूर दारातून आत येईपर्यंत तसाच धरून ठेवलेला, आणि मृणालिनी पेटीपाशीच बसली होती. सहज म्हणून तिने काळी एक दाबली. जुळेना. पट्टी खाली सरकवली. पांढरी एक. तंतोतंत.

बाबांचा सा उतरला होता. ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी काळी एक लावेल, त्याचा सा उतरला! आता हे कुठल्याही दुसऱ्या घरात घडलं असतं तर? कुणी म्हणालं असतं, पोरगीही तेच सांगतेय, म्हातारबाही तेच गातायत, बघू या जरा लिफ्ट. पण गाणाऱ्यांच्या घरात यंत्रावर कुणी संशय घेत नाही. सूर हलला तर गळा हलला, गळा हलला तर वय झालं. मृणालिनीने आपल्या गुरुजींचं असंच झालेलं पाहिलं होतं. आधी सा जातो, मग बाकीचं. तिने पेटीचा भाता मिटला आणि बाबांच्या हातातलं दूध घेतलं. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवताना तिचे डोळे भरून आले.

"आई, आजोबांचा नाही उतरला," पेटी ऐकून आलेली पिंकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. "आजोबा लिफ्टसारखं गातात. लिफ्ट—"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!" मृणालिनी एवढ्या जोरात ओरडली, की तिचं तिलाच वाईट वाटलं. मग पोरीला जवळ घेऊन समजुतीच्या सुरात म्हणाली, "हे बघ. मैना सांगते तेच बरोबर. तिला मीच शिकवलंय ना? मग? तुझा कान जरा बिघडलाय. कर सराव, येईल जागेवर."

पिंकीने मान डोलावली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्याच्या मुलीचा असा कान असता तर मृणालिनीने तिला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं.

त्यानंतर पिंकीने लिफ्टपाशी उभं राहणं सोडलं. खोलीत बसून ती मैनेबरोबरच सराव करायची. अंहं, अंहं, अंहं, आणि मग हळूहळू छान, छान. मृणालिनीला हायसं वाटलं. फक्त शाळेत जाताना पिंकी जिन्याने उतरायला लागली. विचारलं तर म्हणाली, व्यायाम. काशीनाथांपाशी मात्र तिचं काहीतरी चालायचं. "आजोबा, आज नका ना जाऊ खाली." "आजोबा, दूध मी आणते." त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सहा मजले जिना चढणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं. नातीची माया, दुसरं काय, म्हणून ते तिच्या डोक्यावर टपली मारायचे आणि लिफ्टमध्ये शिरायचे.

रविवारी सकाळी जितेश आला तो कॅमेरा, दिवे आणि दोन थोराड स्पीकर घेऊन. गेमच्या जाहिरातीसाठी पिंकीचं शूटिंग होतं. बिल्डिंगमधली चार मुलं, त्यांच्या आया, असा घरातच दरबार भरला. मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप काळी एकमध्ये लावून मृणालिनीने कोपऱ्यात ठेवलं. पिंकीने मिक्सर केला, बेल केली, टाळ्या मिळाल्या. मग सगळे जिन्याशी आले. जितेशने बटण दाबलं. लिफ्ट तळातून निघाली.

पिंकी टॅब छातीशी धरून उभी होती. मान कलती केली नाही. जाळीकडे बघितलंही नाही. डोळे मिटले आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसा सूर लावला.

"छान!" मैना म्हणाली, आणि पडद्यावर मोरपीस उमललं.

टाळ्या वाजल्या. त्या वाजायच्या आधी क्षणभर मृणालिनीला काहीतरी खटकलं. पोरीचा सूर आणि खालून येणारा तो घुमारा एकमेकांवर घासत होते. भातात खडा लागावा तसं झालं. पण आया कौतुक करत होत्या, जितेश "एक नंबर, मॅडम!" म्हणत होता, आणि खडा गिळून टाकायला माणसाला फार वेळ लागत नाही.

शूटिंग संपलं. स्पीकर, दिवे, खोकी असं सगळं सामान जितेशने लिफ्टमध्ये कोंबलं आणि स्वतः शिरला. काशीनाथ म्हणाले, "थांब रे, मीपण येतो. पोरीने मोरपीस मिळवलं, जिलबी नको?"

पिंकीने त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी. "आजोबा, जिन्याने जाऊ. मी धरते तुम्हाला. प्लीज."

"पिंके, सोड," मृणालिनी म्हणाली. "लोक थांबलेत."

पिंकीने आईकडे पाहिलं आणि हात सोडला.

जाळी लागली. मोटर घुमली. काशीनाथांनी डोळे मिटले आणि नेहमीसारखा सा लावला. लिफ्ट खाली जाताना तो सूर जाळीतून वर येत होता, आणि मागे घरात तंबोऱ्याचं ॲप अजून चालूच होतं. काळी एक. मृणालिनी दोन्हींच्या मधोमध उभी होती. दोन्ही सूर जुळत नव्हते हे तिला आता ठाऊकच होतं; बाबांचं वय झालं होतं. पण तिच्या देखत, एकाच श्वासात, बाबांचा सूर आणखी खाली आला. मोटरही खाली आली. दोघं बरोबर उतरत होते, हातात हात घालून.

माणसाचं वय एका मजल्यात वाढत नाही.

"बाबा!" ती ओरडली. "जितेश, थांबव! थांबव ती!"

वर मोटरच्या खोलीत दात मोडल्यासारखा कडकडाट झाला. घुमणं थांबलं. मग जाळीमागचे दोर सरसरत धावायला लागले, कुणी धरणारं नसल्यासारखे, आणि तळातून असा आवाज आला की सगळ्या मजल्यांची दारं उघडली.

मृणालिनी जिना कशी उतरली ते तिचं तिला आठवणार नव्हतं. खाली धूळच धूळ. लिफ्ट तळाच्या खड्ड्यात तिरकी रुतली होती, तळमजल्याच्या फरशीच्या वर तिचा निम्मा भाग तेवढा दिसत होता, आणि जाळी मुडपली होती. आतून जितेशचा आरडाओरडा येत होता, "मेरा पैर! पैर!" दशरथ लोखंडी गज घालून जाळी उचकटत होता. लोक एकमेकांच्या वरताण ओरडत होते. कुणी ॲम्ब्युलन्सला फोन करत होतं, कुणी नुसतंच देवाला.

"बाबा?" मृणालिनीने दशरथचा खांदा धरला. "बाबा कैसे हैं?"

दशरथने आत टॉर्च मारला. काशीनाथ स्पीकरच्या खाली होते. "हिल नहीं रहे, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पहले इस लड़के को निकालते हैं. काका तो..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

तेव्हा मृणालिनीला पिंकी दिसली. भिंतीला पाठ लावून, टॅब छातीशी घट्ट धरून उभी. आणि तिची मान डावीकडे कलली होती.

"पिंके, काय ऐकतेयस?"

"काही नाही."

"सांग मला. काय ऐकू येतंय?"

पिंकीने ओठ चावला. "आजोबा. सा लावतायत. बारीक." मग घाईघाईने, "पण मी चुकत असेन, आई. माझा कान बिघडलाय ना."

मृणालिनीने जाळीकडे कान केला. तिला जितेश ऐकू आला, गजाची खडखड ऐकू आली, आणखी काहीही ऐकू आलं नाही. तेवढ्यात पिंकीच्या छातीशी धरलेला टॅब बोलला. त्यालाही काहीतरी ऐकू आलं असावं, आणि ते त्याच्या उत्तरात बसत नसावं.

"अंहं," मृणालिनीच्या आवाजात मैना म्हणाली. "पुन्हा ऐक हं, बाळा."

मृणालिनीने टॅब हिसकावून भिंतीवर आपटला.

"गप्प बसा सगळे!" ती अशी ओरडली की जितेशसुद्धा गप्प झाला. "माझी मुलगी ऐकतेय! दशरथ, बाबा ज़िंदा हैं. पहले स्पीकर हटाओ. अभी!" मग ती पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "तू बरोबर आहेस. पहिल्यापासून बरोबर होतीस. ऐकत राहा आणि मला सांगत राहा."

जाळी उचकटून माणसं स्पीकरला भिडली. पिंकीने डोळे मिटले. "येतंय," ती म्हणाली. "पांढरी एक." मग, "खाली चाललेत." मग, "अजून खाली. पण आहेत." जिन्यात एवढी माणसं उभी होती, पण पिंकीच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. स्पीकर एका बाजूने उचलला गेला. दशरथने खाली हात घातला.

पिंकीने मान सरळ केली.

"आई," ती म्हणाली, "आता नाही येत."

इतके दिवस पोर चुकतेय म्हणून मृणालिनी तिला दटावत आली होती. आता ती फक्त एकदा चुकलेली असावी म्हणून तिने तिथेच, धुळीत, देवाला हात जोडले. आणि पिंकीचा कान चुकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.