नाकासमोर जाणारी गाडी

"एका वक्ताला एकच औशद, पोरी. दोन पाजलीस तर मेंढरू कशानं उठलं नि कशानं पडलं, ते बिरोबालाबी सांगता यायचं न्हाय."

सांगोल्याच्या माळावर बिरप्पाआज्जा हे सांगायचा तेव्हा पूनम त्याच्या धोतराचा सोगा धरून हिंडायची. आज्जा गेला, मेंढरं विकली, पूनम सोलापुरात इंजिनिअरिंगला आली. पण आज कुंभारीजवळच्या बंद सूतगिरणीच्या डांबरी आवारात तिला तोच आवाज आठवत होता. कारण समोर तिच्या कॉलेजच्या चमूची गाडी गर्रकन गिरकी घेऊन, तोंड मागं नि शेपूट पुढं करून थांबली होती.

गाडी म्हणजे काय, तर नळ्यांचा सांगाडा, मोटारसायकलचं इंजिन, चार चाकं आणि एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. चौघांनी उचलून नेता येईल इतकी हलकी. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची म्हणून पोरांनी खपून खपून बांधलेली. पण तिला पहिल्यापासून एक रोग होता. वळणावर स्टिअरिंग कितीही फिरवा, बाईसाहेब आपल्या नाकासमोर सरळ! पुढची चाकं वळायची, पण रस्ता धरायची नाहीत. पुस्तकात याला अंडरस्टिअर म्हणतात. गाडी चालवणारा पृथ्वीराज म्हणायचा, "आमच्या माळशिरसला उसाची ट्रॉलीसुद्धा हिच्यापेक्षा बरी वळते."

सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधलं सगळं, हे पूनमचं काम. चार वाजता कॉलेजचे सर येणार होते. गाडी नीट वळली तर संध्याकाळी ट्रकात चढून स्पर्धेला जाणार. नाही वळली तर कुलूप. "कुणाचे हातपाय मोडायला मी पाठवणार नाही," सरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

आणि आज गाडीनं सरळ जायचं सोडून गरगरायलाच सुरुवात केली होती.

"असं कसं झालं?" पूनम म्हणाली. "मी तर फक्त पुढचा दांडा मऊ केलाय."

पुढच्या दोन चाकांना जोडणारा हा लोखंडी दांडा. तो कडक असला की वळताना गाडी कलत नाही, पण भार सगळा बाहेरच्या एकट्या चाकावर पडतो. ते बिचारं दमतं आणि घसरतं. दांडा मऊ केला की आतलं चाकही थोडा भार उचलतं. बोल्ट एक भोक सरकवला की काम झालं.

वेल्डिंग करणारा सिद्धाराम बुटांकडं बघत म्हणाला, "मागचा दांडा मी कडक केला. सकाळीच."

"आणि सांगितलं नाहीस?"

"औषधाचं नाव घेतलं की गुण जातो, म्हणते आमची अव्वा," त्यानं आईचा हवाला दिला.

पृथ्वीराज खो खो हसला. "येड्या, गाडीला काय कावीळ झालीय व्हय?"

"तू दात काढू नकोस," पूनम म्हणाली. "तू काय केलंस ते सांग."

त्याचं हसू विरलं. "पुढच्या टायरची हवा कमी केली जरा. गाडी वळू दे म्हणून सिद्धेश्वराला नारळ बोललो होतो की. मनातलं बोललेलं कुणी सांगतं का?"

पूनमला रागवायचं होतं, पण कुठल्या तोंडानं? आज तिचा सोमवारचा उपास. तळ्याकाठच्या सिद्धेश्वराला हात जोडून ती इथं आली, पोरं चहाला गेलेली बघून तिनं बोल्ट हलवला आणि हूं की चूं केलं नाही. तीन वैद्य, एक मेंढरू, आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही!

"सगळं होतं तसं करा," ती म्हणाली. "मग एकेक करून बघू."

"अगं, वेळ कुठंय?" पृथ्वीराज म्हणाला.

तेवढ्यात फाटकातून मेंढरंच आत शिरली. मागून काठी टेकत केराबाई आली. कुंभारीची ही म्हातारी रोज आवारापलीकडच्या हौदावर मेंढरं पाजायला आणायची.

"सरा बाजूला! भवरा खेळत बसलाय व्हय रं?"

पूनम पुढं झाली. "मावशी, पाणी पाजा, पण मग चारपर्यंत पलीकडंच थांबाल का? परत इकडनं आणू नका."

"बरी हायस की! साडेचारला माझ्या नातीला, सृष्टीला, साळंत बक्षीस मिळनार हाय. मेंढरं घराकडं लावून जायचं हुतं मला. हितं अडकल्यावर कोन बघनार त्यास्नी, तुजा सर?"

"मी बघते. तुम्ही चारला निघा."

केराबाईनं तिच्या ग्रीसनं माखलेल्या बोटांकडं बघितलं. "तू? मेंढरं हायती ती, त्यास्नी ब्रेक नसतो."

पूनमनं जीभ टाळूला लावून "ट्र्र्र हाऽ" केलं. पुढचा मेंढा थबकला आणि वळून बघायला लागला.

"कुनाची गं तू?"

"सांगोल्याच्या बिरप्पाची नात."

"मग बोलायलाच नगं. पर चार म्हंजे चार!"

"चार म्हणजे चार, मावशी. शब्द दिला."

मेंढरं पाणी पिऊन हौदाजवळच्या बाभळीखाली टेकली. इकडं सगळं होतं तसं झालं, आणि गाडी पुन्हा नाकासमोर चालू लागली. "आली बया मूळ स्वभावावर," पृथ्वीराज म्हणाला. आधी नुसती पुढच्या टायरची हवा कमी करून बघितली, फरक जेमतेम. ती परत भरली. मग सिद्धारामचा मागचा दांडा. गाडी वळली खरी, पण मागची चाकं अशी सटकली की पृथ्वीराज उतरून जमिनीवरच बसला. "सकाळचे पोहे वर आले रे!" दांडाही परत जागेवर गेला.

"आता पुढचा दांडा, एक भोक मऊ," पूनम मोठ्यानं म्हणाली. "ऐकलं ना दोघांनी?"

"ऐकलं," सिद्धाराम पुटपुटला. "गेला गुण."

गाडी सुटली. वळणावर तिनं नाक आत घातलं. खुंट्याभोवती शेळी फिरते तशी गोल फिरून ती बाहेर आली. थोडी अजून बाहेर ओढत होती. आणखी एक भोक, फक्त तेवढंच. या खेपेला पृथ्वीराज हेल्मेटच्या आतून ओरडत आला, "वळतीय गं! नुसत्या बोटांवर वळतीय!"

फाटकाशी सरांची गाडी येऊन थांबली. चार वाजले होते. बाभळीखाली केराबाई डोक्यावरचा पदर नीट करून उभी होती.

सरांनी हात कपाळावर धरून बघितलं. गाडी वेगात आली, वळली, आणि जिथं वळायला हवी तिथूनच बाहेर पडली. सरांचा हात खाली आला.

"चढवा ट्रकात! कुणी लावलं हे सेटिंग? पूनमनं? कुठंय ती? तिच्या तोंडून ऐकू दे."

पूनमनं सिद्धारामच्या हातात पाना दिला. "तू सांग सरांना. मोठ्यानं सांग, काही गुण जात नाही."

"अगं, पण तू कुठं चाललीस?"

तिनं ग्रीसचे हात पँटला पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि आवाराच्या कडेकडेनं बाभळीकडं चालू लागली.