बारीक आवाज

टेबलावर चौदा स्क्रू होते. त्यांतले अकरा पितळी, तीन गंजलेले. शेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर रेडिओचे पाच व्हॉल्व ओळीने आडवे ठेवलेले. त्याखेरीज दोन बटणे, काटा फिरवणारी एक दोरी आणि एक मेलेले झुरळ. गुरुदासने झुरळही आपल्या वहीत लिहिले, तेव्हा लवूला राहवले नाही.

"तेका कित्याक लिवतास, सायबानू?"

"संचात सापडलं ते सगळं लिहायचं, लवूकाका. कशामुळे बिघडलाय ते आधी कुठे ठाऊक असतं?"

गुरुदास मूळचा कणकवलीचा. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला आणि रत्नागिरीच्या कचेरीत सार्वजनिक रेडिओंच्या दुरुस्तीवर लागला. आदल्या रात्री मालवणात मुक्काम करून, सकाळी तरीतून खाडी ओलांडून तो हत्यारांची पेटी घेऊन वाडीत आला होता. वाडीत वीज नव्हती. शाळेच्या पडवीतल्या खोलीत दोन वर्षांपासून सरकारी रेडिओ होता, तो बॅटरीवर चाले. त्या खोलीची किल्ली लवूच्या करगोट्याला असे. रोज संध्याकाळी साडेसहाला रेडिओ लावायचा, गाणी झाली की सहा-पन्नासला दर्याची खबर ऐकायची, ती नोंदवहीत उतरायची आणि मग किनाऱ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायची, हे त्याचे काम. पहाटे होड्या लोटणारे आधी फळा बघत.

गुरुदासच्या खिशात वाडीचा अर्ज होता. रेडिओ मधेच बंद पडतो आणि दर्याची खबर खोटी देतो, असा. खाली सात आंगठे. पहिला आंगठा हरिश्चंद्रचा.

हरिश्चंद्र पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. पूर्वी लवू स्वतःच्या होडीचा तांडेल होता आणि हरिश्चंद्र बारा वर्षे त्याच्या हाताखाली खलाशी होता. पुढे दोरात अडकून लवूचा उजवा खांदा गेला, हात वर जाईना, तेव्हा होडी हरिश्चंद्रने घेतली. यंदा दिवाळीनंतर आठव्या दिवशी फळ्यावर 'वारा मंद, समुद्र शांत' होते. दुपारच्या आत खालचा वारा सोसाट्याने सुटला आणि होडी खडपावर, पाण्यातल्या खडकावर गेली. बाकीचे पोहून आले. हरिश्चंद्रचा डावा पाय होडी आणि खडप यांच्यामध्ये सापडला. हाड बसले, पण पाय दोन बोटे आखूड राहिला.

"बगा सायबानू, तेची जीभ खंय आसा ती," तो तिथूनच म्हणाला. "भायर काडा नि माका दाखवा."

गुरुदास हसला. लवू हसला नाही.

बॅटरी मीटरवर बरोबर निघाली. माडावर ताणलेली एरियलची तार शाबूत होती. जमिनीत पुरलेल्या तारेचे टोक गुरुदासने घासून लख्ख केले. व्हॉल्व पुसून पुन्हा बसवले आणि टेबलावर मोकळ्या वाऱ्यातच संच सुरू केला. मुंबईचे गाणे स्वच्छ वाजू लागले. गुरुदास मनगटी घड्याळ काढून समोर ठेवून बसला. अर्धा तास झाला, तास झाला, वर दहा मिनिटे झाली. संच एकदाही थांबला नाही.

"पावणो इलो म्हणान शाणो झालो मेलो," हरिश्चंद्र म्हणाला.

"असंच होतं," गुरुदास म्हणाला. "माझ्यासमोर बिघडत नाही, म्हणून तुमच्या सांगण्यावरच शोधायला लागतं. लवूकाका, बंद पडताना नेमकं काय होतं? एकदम गप्प होतो, की आवाज बारीक होत जातो?"

लवूच्या तोंडून उत्तर आपोआप आले, कारण ते त्याने अनेकदा दिलेले होते.

"बारीक जाता. कान लावल्यार ऐकाक येता."

"व्हय, व्हय," हरिश्चंद्रने साक्ष दिली. "आमका भायर कायएक ऐकाक येय नाय. लवूच पेटयेक कान लावन ऐकायचो नि आमका सांगायचो. तांडेलाचे कान ते."

गुरुदासने वहीत 'आवाज बारीक' असे लिहिले आणि खाली रेघ मारली. मग एकेक व्हॉल्व काढून आपल्या पेटीतला घालून बघितला. काही फरक पडेना. दुपार होत आली तेव्हा तो कपाळ पुसत म्हणाला, "आवाज बारीक होतो म्हणजे पुढच्या भागातलं काहीतरी दमलंय. तो भाग माझ्याकडे नाही. संच रत्नागिरीला न्यावा लागेल."

"किती दीस?"

"दोन महिने तरी. जास्तच."

हरिश्चंद्रने काठी जमिनीवर आपटली. "बांगड्याचो मोसम चल्लो, सायबानू! आज माझी होडी नाय, पण दुसऱ्यांच्यो आसत मां?"

गुरुदास स्क्रू बसवू लागला. लवू त्याच्या हाताकडे बघत राहिला.

संच बंद पडला त्या पहिल्या संध्याकाळी लवूचा खोटे बोलायचा बेत नव्हता. दसऱ्यानंतर त्याने रेडिओसाठी स्वतःच्या हाताने फणसाच्या फळ्यांचे कपाट केले होते. खारी हवा लागू नये म्हणून दारे अशी घट्ट बसवली होती की फटीत पोस्टकार्ड शिरू नये. त्याच आठवड्यात गाणे मधेच तुटले. पडवीत तीसेक माणसे दर्याच्या खबरेसाठी थांबली होती. लवूने संचाला कान लावला. आत घुमल्यासारखे काही ऐकू आले. "काय म्हणता रे?" कोणी तरी विचारले. लवू तासाभरापूर्वीच किनाऱ्यावर जाऊन आला होता. ढग, वारा, पाण्याचा रंग त्याने तीस वर्षे वाचला होता. "वारो मंद, दर्या शांत," तो म्हणाला. माणसे उठून गेली, आणि दुसऱ्या दिवशी दर्या खरोखरच शांत होता.

तेच त्याने स्वतःच्या नावाने सांगितले असते तर कोणी थांबले नसते. खांदा गेल्यापासून वाऱ्याबद्दल त्याला कोणी विचारत नव्हते. रेडिओ काय म्हणता, एवढेच विचारत. सव्वीस दिवस रेडिओच्या नावावर त्याने सांगितलेले खरे निघाले. सत्ताविसाव्या दिवशी घरी पाहुणे होते आणि तो किनाऱ्यावर गेलाच नाही. कान लावला, खिडकीतून आभाळाचा तुकडा बघितला, आणि रोजचेच सांगितले.

तेव्हापासून फळा कोरा होता, आणि वाडी रेडिओला शिव्या देत होती. लवू ऐकून घेत होता. अर्जाचा मजकूरही त्यानेच लिहिला होता, कारण त्याचे अक्षर बरे होते.

काशीबाई, त्याची बायको, चहा घेऊन आली. पेटी बांधायला काढलेली दोरी बघून ती म्हणाली, "नेतास तेका? मगे सांजच्या वेळेक ह्यांका आमी खंय ठेवूचे? ही पेटी म्हणजे ह्यांका सांबाळणारी आमची धाकटी सून."

आठवा पितळी स्क्रू आत गेला. नववा गेला.

"सायबानू," लवू म्हणाला, "थांबा."

गुरुदासने वर बघितले.

"बारीक नाय व्हायचो."

"मग?"

"बंदच व्हायचो. एकदम."

"खरखरसुद्धा नाही?"

"नाय."

"पण मग तुम्ही कान लावून—" गुरुदास बोलता बोलता थांबला. नोंदवही त्याच्यासमोर उघडीच होती. दसऱ्यानंतरच्या सत्तावीस ओळी, प्रत्येकीत दर्याची खबर, एकाच वळणदार अक्षरात. तो त्या ओळींकडे बघत राहिला, मग त्याने वही हळूच मिटली. पण जे विचारणे भाग होते ते विचारल्याशिवाय त्याला राहवले नाही. "लवूकाका, हे नक्की ना? यावर सगळं अवलंबून आहे. अजिबात काही ऐकू यायचं नाही?"

"नक्की. कायएक नाय."

काशीबाईने कपबशी खाली ठेवली. मग हरिश्चंद्रने विचारले, "त्या सांजेक?"

"त्या सांजेकय."

"मगे तू ऐकलंस काय?"

"माझ्याच कानातलो आवाज."

हरिश्चंद्रने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ केला आणि त्याच्याकडे बघत बसला. तो म्हणाला, "रेडिओ खोटो बोलता म्हणान अर्जार माझो आंगठो आसा. तो आता पुसूचो कसो?"

गुरुदासने आपल्या वहीतले 'आवाज बारीक' खोडले, 'पूर्ण बंद' लिहिले आणि विचारले, "बंद पडायचा तेव्हा संच कुठे असायचा?"

"कपाटात. दारा लावन. समोर आवाजापुरती जाळी आसा."

"आणि मी सकाळपासून वाऱ्यावर ठेवून बसलोय!" गुरुदास एकदम मालवणीत आला. "उचला बगू तेका."

संच कपाटात ठेवला. दारे लावली. घड्याळ समोर ठेवून तिघे बसले. दुपारच्या कार्यक्रमात कोणी तरी शेतकऱ्यांना खताबद्दल सांगत होते. सतराव्या मिनिटाला तो माणूस शब्दाच्या मध्यावर तुटला. खरखर नाही, काही नाही. गुरुदासने संच बाहेर काढून निववला, पुन्हा कपाटात ठेवला. अठरा मिनिटे. पुन्हा. सतरा.

चौथ्या खेपेला त्याने बंद पडलेला संच तापलेलाच उघडला, आणि लाकडी पेन्सिलीच्या टोकाने आतला एकेक जोड दाबत गेला. बॅटरीच्या तारेच्या जोडावर पेन्सिल टेकताच रेडिओ बोलला. पेन्सिल उचलली की गप्प. भिंगातून त्याने लवूला दाखवले. जोडावरच्या कथलाच्या डाकाला केसाएवढी चीर होती. संच तापला की ती फाकायची, निवला की मिटायची.

डाक देण्याची कांब काशीबाईच्या चुलीत, करवंट्यांच्या निखाऱ्यात तापवली. ती फुंकर घालत होती. नवऱ्याकडे तिने बघितले नाही. जोड दोन मिनिटांत झाला.

हात पुसता पुसता गुरुदास स्वतःशीच हिशेब करू लागला. "साडेसहाला लावायचात. दर्याची खबर सहा-पन्नासला, म्हणजे विसाव्या मिनिटाला. संच सतराव्याला जायचा. पावणेसातला लावला असता तर..." त्याला आपण काय बोलतो आहोत ते कळले आणि त्याचे कान लाल झाले.

"तीन मिन्टां?" लवूने विचारले.

"तीनच," गुरुदास खाली बघून म्हणाला.

संध्याकाळपर्यंत लवूने दोन कामे केली. कपाटाची दोन्ही दारे बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवली. मग नोंदवही घेऊन सत्तावीस ओळींतली दर्याची खबर एकेक करून खोडली आणि प्रत्येकीसमोर 'ऐकले नाही' असे लिहिले. सत्ताविसाव्या ओळीला दौतीत शाई उरली नव्हती. ती त्याने पेन्सिलीने लिहिली.

साडेसहाला पडवी भरली. बातमी वाडीत आधीच फिरली होती. लवूच्या नेहमीच्या जागेच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या. करगोट्याची किल्ली सोडून त्याने सरपंच सत्यवानच्या समोर ठेवली. सत्यवानने ती उचलली नाही, परतही दिली नाही. ती तिथेच राहिली.

रेडिओ सुरू झाला. गुरुदास घड्याळावर नजर ठेवून होता. सोळा मिनिटे झाली तशी पडवीतली कुजबुज थांबली. सतरा. अठरा. गाणे चालूच होते. सहा-पन्नासला मुंबईचा माणूस स्पष्ट, मोठ्या आवाजात दर्याची खबर सांगू लागला, आणि ती दसऱ्यानंतर पहिल्यांदाच वाडीतल्या सगळ्यांनी आपापल्या कानांनी ऐकली.

"लिव," हरिश्चंद्र लवूला म्हणाला.

लवूने लिहिले. वायव्येचा वारा, ताशी दहा ते बारा मैल. किनाऱ्यावरच्या फळ्यासाठी खडू काढून ठेवला.

सव्वासातला रेडिओ बंद केल्यावर माणसे उठू लागली. पाय गेल्यापासून हरिश्चंद्र रोज लवूच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उठत असे. सवयीने लवू वाकला. हरिश्चंद्रने काठी रोवली, दुसरा हात भिंतीला लावला, आणि तीन खेपांत स्वतःच उभा राहिला.

तो पायऱ्या उतरेपर्यंत लवू तसाच वाकलेला होता. मग त्याने नोंदवही पुढे ओढली. सुरू साडेसहा. बंद सव्वासात. मिनिटे पंचेचाळीस. खंड नाही.